दोरी सोडायची कधी, धरायची कधी

पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव एरवी शांत असते. यात्रेच्या दिवसांत माळावर पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हसोबाचे दर्शन, घोंगड्यांचे ढीग, पाळणे, आणि ज्याच्यासाठी घाटावरून नि कोकणातून माणसे येतात तो बैलबाजार. माझे आजोळ याच पट्ट्यातले. कोणतीही वस्तू पारखून घ्यायला मी शिकलो तो या बाजारात, मामांच्या मागे उभा राहून. मामा शिंगांच्या रंगाकडे, गळ्यातल्या घुंगरांकडे बघत नसत. आधी दात: आदत आहे, दोन दाती, चार दाती की जुळलेला. मग खूर, मग खांदा. आणि शेवटी, व्यापारी कितीही घाई करो, बैल गाडीला जुंपायला लावून ते एकच गोष्ट बघायचे: भरल्या गाडीला तो पहिले पाऊल कसे टाकतो. काही बैल थबकतात आणि मग एकदम हिसका देतात. त्या हिसक्याने जोते तुटते, खांदा सोलतो, गाडीतला माणूस पडतो. चांगला बैल ओझे अंगावर घेत घेत निघतो; तो कधी निघाला ते गाडीत बसलेल्याला कळतही नाही.

हे पुस्तक फ्लाय फिशिंगचे रीळ कसे निवडावे याविषयी आहे, आणि त्याची सुरुवात बैलबाजारापासून करण्याचे कारण वरच्या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. पुढच्या प्रकरणांत मी जे काही सांगितले आहे, ते त्या पहिल्या पावलाभोवतीच फिरते.

ज्यांनी फ्लाय फिशिंग पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. आपल्याकडे गळाने मासे धरण्याच्या बहुतेक रीतींत वजन गळाच्या बाजूला असते. गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी, वर शिशाचा तुकडा, आणि मग तंगूस. हे वजन फेकले की ते आपल्यामागे तंगूस ओढत नेते. पवईच्या तलावावर किंवा धरणाच्या काठावर जी स्पिनिंग रिळे दिसतात तीही याच तत्त्वावर चालतात. फ्लाय फिशिंगमध्ये हे उलटे आहे. गळावर पिसे, केस, दोरा बांधून केलेली माशी असते. तिला जवळजवळ वजनच नसते, हाताने भिरकावली तर ती दोन हातांवर पडेल. इथे वजन दोरीत असते. जाड, प्लास्टिकचा लेप दिलेली दोरी काठीने मागे-पुढे हवेत झुलवायची, काठी वाकते, सुटते, दोरीचा वळसा पुढे उलगडत जातो आणि त्याच्या टोकाला माशी पाण्यावर हलकेच उतरते. दोऱ्यांचे हे वजन 1961 पासून आकड्यांनी सांगतात. पाच नंबरच्या दोरीच्या पहिल्या 30 फुटांचे वजन 140 ग्रेन, म्हणजे साधारण 9 ग्रॅम. आठ नंबरच्या दोरीचे 210 ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. काठीवर जो आकडा छापलेला असतो तो याच दोरीचा, आणि रिळावर छापलेला आकडाही हाच.

म्हणजे फेकण्याच्या कामात रिळाचा काहीच हात नसतो. दोरी डाव्या हाताने ओढून काढायची, डाव्या हातानेच परत खेचायची. रीळ आपले काठीच्या बुडाशी गप्प बसलेले. म्हणूनच या खेळातले कितीतरी जाणकार सांगतात की रीळ म्हणजे दोरी ठेवायची डबी, पैसे काठीवर आणि दोरीवर घाला. मी स्वतः अनेक वर्षे हेच मानत होतो. आपल्या ओढ्या-नाल्यांतल्या बोटभर, वीतभर माशांपुरते ते खरेही आहे. काळू किंवा डोईफोडी नदीच्या उथळ धारेत तीन-चार नंबरच्या काठीने लहान मासे धरणाऱ्याला मी आजही हेच सांगेन. तुमच्या हाती जे साधे, हलके, गंज न धरणारे रीळ येईल ते घ्या, आणि पैसे वाचवा.

पण डबीचे झाकण कधीतरी उघडते. एका धरणाच्या फुगवट्यात, परवानगी काढून मासेमारी करताना, संध्याकाळच्या वेळी माझ्या माशीला कशाने तरी तोंड लावले. मासा मला दिसलाच नाही. काठी वाकली, हातातली सैल दोरी सरसर निघून गेली आणि क्षणभरात दोरी थेट रिळावर आली. त्या क्षणी रिळाने फिरायला हवे होते. ते थबकले. मग एकदम हिसका देऊन फिरले, पण त्याआधीच टोकाचा बारीक तंगूस तुटला होता. काठावर बसून रीळ उघडले तेव्हा ब्रेकच्या चकतीवर वाळूचे कण सापडले. दुपारी डबा खाताना मी काठी रिळासकट वाळूत आडवी ठेवली होती. चूक माझी होती. पण तेव्हा मला मामांची भरली गाडी आठवली. रिळाचा जन्मच या एका क्षणासाठी असतो, आणि त्या क्षणी ते पहिले पाऊल कसे टाकते यावर त्याची सगळी किंमत ठरते.

हा ब्रेक, ज्याला सगळे ड्रॅग म्हणतात, त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. जुना प्रकार दातेरी चक्राचा. चक्राला एक छोटी खिट्टी स्प्रिंगने टेकलेली असते. रीळ फिरले की टर्रर्र असा आवाज येतो. त्याचा रोध कमी असतो, तो दोरीची गुंतागुंत होऊ नये एवढेच बघतो. दुसरा प्रकार चकत्यांचा. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून घर्षणाने रीळ अडवायचे, जसे मोटरसायकलचे डिस्क ब्रेक. या चकत्या कधी बुचाच्या, कधी कार्बनच्या किंवा कृत्रिम पदार्थाच्या असतात. काही रिळांत त्या बंद डबीत असतात म्हणजे पाणी आणि वाळू आत जात नाही. दुकानात गेल्यावर विक्रेता तुम्हाला सांगेल की या ड्रॅगची कमाल ताकद इतके किलो. तो आकडा ऐकून घ्या आणि विसरून जा. आपल्याला कमाल ताकद लागतच नाही. टोकाचा तंगूस चार किलोला तुटणारा असेल तर ड्रॅग त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे एक-सव्वा किलोवर लावायचा. हे काम बहुतेक सगळी रिळे करतात. प्रश्न असा असतो की स्थिर रीळ हलायला लागताना किती जोर मागते आणि एकदा फिरायला लागल्यावर किती. या दोन आकड्यांत जितके अंतर, तितका हिसका.

याची परीक्षा करायला कोणतेही यंत्र लागत नाही. बाजारात रद्दीवाल्याकडे किंवा मच्छीवाल्यांकडे असतो तो लटकवायचा हूक-काटा घ्या. दोरीचे टोक त्याला बांधा, ड्रॅग एक किलोवर लावा आणि दुसऱ्या कुणाला काटा हातात धरून हळूहळू चालत जायला सांगा. काटा सुरुवातीला दीड किलोवर उडी मारून मग एकवर उतरला तर ते रीळ ठेवून द्या, त्यावर कुठल्या देशाचे नाव कोरलेले आहे ते न बघता. काटा एकच्या आसपास शांत राहिला तर बोलणी पुढे न्या. हा प्रयोग ओल्या ड्रॅगवरही करून बघावा, कारण आपण पाण्यातच उभे असणार. दुकानदार करू देत नसेल तर त्याच्याकडून रीळ घेऊ नये हे माझे स्पष्ट मत आहे. म्हशाच्या बाजारात न चालवता बैल कुणी विकत घेत नाही.

आता हाताविषयी. या पुस्तकातला सगळ्यात महत्त्वाचा धडा मी कोणत्याही रिळाकडून शिकलेलो नाही. शहापूर-मुरबाडच्या नद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारी माणसे म्हणजे कातकरी. पाग, बांबूचे सापळे, हाताने चाचपडून कपारीतून मासा काढणे, हे सगळे त्यांच्याकडे आहे, आणि गरी, म्हणजे गळही आहे. गरीची दोरी बाटलीला किंवा लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली असते. लहानपणी आजोळी आमच्या वाडीशेजारचे एक कातकरी बाबा मला डोहावर नेत. गरीला मोठा मासा लागला की मी दोरी मुठीत आवळून ओढायला बघे, आणि ते मागून म्हणत, "पलू दे त्याला. दमंल तवा येल." त्यांच्या तर्जनीवरून तंगूस सरकत असे. बोट कधी वाके, कधी सरळ होई. दोरी किती वेगाने जाते, मासा खडकाकडे वळला की उघड्या पाण्याकडे, हे त्यांना त्या बोटातून कळे. त्यांच्या बोटावर आडव्या बारीक रेघा होत्या, तंगुसाने कापलेल्या. ते बोट म्हणजेच त्यांचा ड्रॅग. जगातल्या कोणत्याही कारखान्याला त्याच्याइतका हळुवार सुरू होणारा ब्रेक अजून करता आलेला नाही.

यातूनच रीळ निवडताना मी एका गोष्टीचा हट्ट धरतो. रिळाची बाहेरची कड उघडी असली पाहिजे. म्हणजे दोरीची चकती चौकटीच्या बाहेर थोडी आलेली असली पाहिजे, जेणेकरून मासा पळत असताना फिरत्या कडेला तळहात हलकेच टेकवता येतो. ड्रॅग हलका लावायचा आणि जास्तीचा रोध तळहाताने द्यायचा. मासा वळला, हात काढला. मासा थांबला, हात टेकवला. फ्लाय रिळांत बहुधा दातेरी गुणोत्तर नसते. मूठ एकदा फिरवली की चकती एकदाच फिरते, आणि मासा पळाला की मूठही उलटी गरगर फिरते. तेव्हा बोटे मुठीजवळ ठेवली तर सांधे चांगलेच सुजतात. हात कडेवर, मुठीपासून दूर. हे घरी अंगणात, दोरी झाडाला बांधून, उलटे चालत पन्नास वेळा करून बघा.

आर्बर म्हणजे दोरीच्या चकतीचा मधला गाभा. तो मोठा असावा की लहान यावर पुष्कळ वाद घातला जातो. थोडे गणित केले की वाद मिटतो. दोरीच्या गुंडाळीचा व्यास आठ सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात साधारण 25 सेंटिमीटर दोरी गुंडाळली जाते. चार सेंटिमीटर असेल तर साडेबारा. मासा शंभर मीटर गेला असेल तर एकाला 400 फेरे, दुसऱ्याला 800. मासा तुमच्याकडे पळत आला तर दोरी सैल पडते आणि गळ निसटतो. तेव्हा हा फरक खरा कळतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आणि कमी लोकांच्या लक्षात येणारी. ड्रॅग तोच ठेवला तरी दोरी निघून जाऊन गुंडाळीचा व्यास निम्मा झाला की माशाला लावावा लागणारा जोर दुप्पट होतो. कारण ब्रेक अक्षाला लागतो आणि दोरी काठावरून ओढली जाते. काठ आत आला की तरफ लहान होते. त्यात पाण्यात पसरलेल्या लांब दोरीचा स्वतःचा भार. म्हणजे मासा जितका दूर, तितका तंगूस तुटायला जवळ. माणसाची सहजबुद्धी मात्र उलट सांगते: मासा दूर चालला, घट्ट कर. घट्ट करू नका, सैल करा. मोठ्या गाभ्याच्या रिळात व्यास इतका कमी होत नाही, म्हणून चूक झाली तरी ते सांभाळून घेते. नवशिक्याने मोठा आर्बर घ्यावा असे मी सांगतो ते यासाठी.

मुख्य दोरी साधारण 25 ते 30 मीटर. तिच्या मागे बारीक विणलेल्या दोऱ्याचे बॅकिंग. रिळाच्या खोक्यावर लिहिलेले असते, अमुक नंबरची दोरी आणि अमुक यार्ड बॅकिंग. ते यार्ड बहुतेक वेळा अगदी काठोकाठ भरल्यावरचे असतात, म्हणून थोडे कमी धरून चला. घरच्या पाण्यासाठी 50 मीटर पुरते. महासीरासाठी 150 मीटरच्या खाली जाऊ नये.

इथे माशांकडे वळायला हवे, कारण रीळ निवडणे म्हणजे अखेर मासा ओळखणे. आपल्या धरणांच्या फुगवट्यात तिलापिया भरपूर. तो फ्लायला तोंड लावतो, जोरात ओढतो, पण लांब पळत नाही. पाच नंबरची काठी आणि दातेरी रीळ पुरे. मरळ हा वेगळा जीव. तो वनस्पतींच्या गर्दीत दबा धरून बसतो, पृष्ठभागावरच्या बेडकावर झडप घालतो आणि लागलीच पानवेलींत शिरतो. त्याच्यासाठी दोरी सोडण्याचा प्रश्नच येत नाही. जाड तंगूस, सात-आठ नंबरची ताठ काठी, आणि ड्रॅग घट्ट. रिळाची परीक्षा इथे होत नाही. रोहू-कटला-मृगळ हे बहुधा आपले शेवाळ आणि बारीक जीव खाणारे, फ्लायला क्वचित येतात. पण आले तर त्यांचे अंग जड असते आणि पहिली धाव लांब. आणि मग महासीर, आपली खडशी.

खडशीविषयी मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. 1839 मध्ये कर्नल विल्यम हेन्री साइक्सने दख्खनच्या माशांचे वर्णन केले. पुण्याजवळ मुळा-मुठेतून मिळालेल्या माशाला त्याने नाव दिले ते इथल्या कोळ्या-भोयांच्या तोंडचे: 'खुद्री'. आज जगभरचे शास्त्रज्ञ तिला टॉर खुद्री म्हणतात. साइक्सने 'मसुल्ला', 'कोलस', 'बोगट' अशी आणखी नावेही तशीच उचलली, म्हणून आपल्या नदीकाठची मराठी आजही लॅटिन यादीत बसलेली आहे. 1873 साली मद्रास सरकारचा अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने 'द रॉड इन इंडिया' लिहिले आणि महासीराची ताकद सामनच्या वर ठेवली. पुढे स्वातंत्र्यानंतर नद्यांवर धरणे आली, वाळू उपसली गेली, डोह उथळ झाले आणि खडशी कमी होत गेली. लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत तलावांवर 1970 च्या दशकात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खडशीचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले, आणि तिथली बोटुकली देशभर गेली. यातला एक धडा कटू आहे. कावेरीत सोडलेल्या या माशांनी तिथल्या मूळच्या कुबडवाल्या महासीराची जागा घेतली, आणि आज तो मासा नाहीसा होण्याच्या काठावर आहे. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडताना हे लक्षात ठेवायला हवे. आपल्याकडे कुणी हौसेने बादलीभर बोटुकली आणून काळूत सोडायचे म्हटले तर मी त्याला हात जोडून थांबवेन.

महासीर धारेत राहणारा मासा आहे. त्याची पहिली धाव प्रवाहाबरोबर, खडकांमधून, एका दमात होते. त्याला अडवायचे नसते. याच माशासाठी चांगल्या ड्रॅगचे, मोठ्या गाभ्याचे, उघड्या कडेचे रीळ लागते, आणि यासाठी पैसे खर्च करणे योग्य आहे. पण असा मासा कुठे आहे आणि कुठे त्याला हात लावायचा नाही, हेही याच प्रस्तावनेत सांगितले पाहिजे. शेजारच्या वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे गावी तिळसेश्वराच्या डोहात महासीर आहेत, महाडजवळ वाळण कोंडीतही आहेत. दोन्ही जागी ते देवाचे मासे आहेत. लोक त्यांना चणे-कुरमुरे घालतात आणि कुणी धरत नाही. कोणताही कायदा नसताना या श्रद्धेने ते मासे वाचवले. तिथे फक्त बघायला जा. मासा धारेत कसा उभा राहतो, कुठे वळतो, किती वेगाने निघतो हे तिथे शांतपणे बघता येते. माझ्या मते रीळ घेण्याआधी तिळशाला एक फेरी करणे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक शिकवते.

रीळ मुळात आपले नाही असे म्हणणाऱ्यांसाठी एक छोटी नोंद. चिनी चित्रकार मा युआनच्या सुमारे 1195 सालच्या चित्रात होडीतला एकटा मासेमार रीळ लावलेली काठी धरून बसलेला दिसतो. इंग्लंडमध्ये रिळाचा उल्लेख सतराव्या शतकात, थॉमस बार्करच्या 1651 च्या पुस्तकात येतो. म्हणजे ही वस्तू पूर्वेची आहे. अमेरिकेतल्या चार्ल्स ऑर्विसने 1874 मध्ये अरुंद आणि भोके पाडलेल्या रिळाचे पेटंट घेतले. ती भोके शोभेसाठी नव्हती. तेव्हाची दोरी रेशमाची असे, आणि ओली राहिली तर कुजे; भोकांतून वारा जाऊन ती वाळे. आजची दोरी कुजत नाही, पण भोके राहिली, कारण वजन कमी होते. आपल्या कोकणपट्टीत त्यांचे आणखी एक काम आहे. जून ते सप्टेंबर घरात भिंतींना बुरशी येते, तेव्हा बंद बाजूच्या रिळात बॅकिंग ओले राहून त्याला वास येतो आणि खालचा धातू पांढरा पडतो. मुरबाड-शहापुरात राहणाऱ्याने भोकाचे रीळ घ्यावे आणि पावसाळ्याआधी दोरी पूर्ण उलगडून सावलीत वाळवावी.

देखभालीवर मी एक अख्खे प्रकरण लिहिले आहे. इथे दोनच गोष्टी. आपला खडक काळा पत्थर, बेसाल्ट. त्यावर रीळ घासले की ॲल्युमिनियमचा थर जातो. काठी कधीही खडकावर किंवा वाळूत आडवी ठेवू नये, झुडपाला टेकवून उभी ठेवावी. आणि घरी आल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावा. विशेषतः बुचाची चकती घट्ट दाबून सहा महिने ठेवली तर ती दबून सपाट होते आणि मग पुढच्या मोसमात तेच थबकणे, तोच हिसका.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. या पट्ट्यातले पाणी आपल्या एकट्याचे नाही. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईच्या पिण्याच्या पाण्याची धरणे. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातले जवळजवळ निम्मे एकट्या भातशाचे. तानशाभोवती अभयारण्य आहे. तिथे परवानगीशिवाय काठी घेऊन जाणे चूक आहे. कित्येक तलावांवर स्थानिक मच्छीमारांच्या सहकारी संस्थांचा ठेका असतो. त्या माशांवर कुणाची तरी चूल चालते. हौशी माणसाने गावात आधी जाऊन विचारावे, ठरेल ते द्यावे, आणि मासा सोडून द्यावा. पहिल्या पावसात मासे धारेविरुद्ध चढतात, वलगण लागते. त्या दिवसांत अंडी भरलेल्या मासळीवर गळ टाकू नये, फ्लायही टाकू नये. आणि डोहात जिलेटिनच्या कांड्या फोडणे किंवा ब्लीचिंग पावडर टाकणे 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे, तरी ते घडते. एका स्फोटात डोहातले मासे, अंडी, खेकडे, शेवाळ, सगळे जाते, आणि ज्या कातकरी बाबांच्या बोटांवर रेघा होत्या त्यांच्या नातवाला तिथे काही उरत नाही. असे कुठे दिसले तर गप्प राहू नका.

आता या पुस्तकातल्या सल्ल्याचा गाभा एका ठिकाणी सांगतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी काठी आणि दोरी घ्यावी, दोन हंगाम साध्या रिळावर घरच्या पाण्यात घालवावेत, आणि कोणत्या माशाच्या मागे आपण खरोखर जाणार हे कळल्यावरच दुसरे रीळ घ्यावे. ते घेताना हातात घेऊन काठीवर लावून तोल बघावा. काठीच्या मुठीपुढे बोटावर ठेवल्यावर काठी ना पुढे झुकावी ना मागे. उजव्या हाताने फेकणाऱ्याने रिळाची मूठ डाव्या बाजूला लावून घ्यावी, म्हणजे मासा लागल्यावर काठी हात बदलत नाही. दोरीची चकती बाहेर काढता येते का ते पाहावे, कारण मोसमभरात ती अनेकदा धुवावी लागते. पैसे कमी असतील तर यंत्रावर कोरलेल्या महाग रिळाऐवजी ओतीव ॲल्युमिनियमचे चालेल, फक्त ते पडू देऊ नये. ओतीव धातू वाकत नाही, तडकतो.

यात्रा संपली, माळ रिकामा झाला, की माघ-फाल्गुनात काळूचे पाणी नितळ होते आणि डोहाचा तळ दिसू लागतो. ते दिवस आमच्या भागातले सगळ्यात चांगले. निघण्याआधी रिळावरची दोरी पूर्ण उलगडा, बॅकिंग आणि मुख्य दोरी जिथे जोडली आहे ती गाठ सापडेपर्यंत, आणि ती दोन्ही हातांनी ओढून बघा. दुकानात मारून दिलेली गाठ मी आजवर एकदाही तशीच वापरलेली नाही. प्रत्येक वेळी सोडून नव्याने बांधली आहे.